पाऊण औषधाचं, पाव बाईचं

गुळवेलीइतकी कामसू वेल महाराष्ट्रात दुसरी नसेल. २०२० च्या उन्हाळ्यात ती प्रतिकारशक्ती वाढवत होती. कडुलिंबावर चढलेली असली तर जरा जास्तच वाढवते म्हणे, त्यामुळे तेव्हा गोंदियातल्या कित्येक कडुलिंबांच्या अंगावर एक वेल उरली नव्हती. कोरोना गेला आणि गुळवेल रिकामी बसली. आता तिला नवं काम मिळालंय. ज्या बाईचा गर्भ ठरतो आणि दोनदा-तीनदा गळून पडतो, तिच्या प्रतिकारशक्तीचा ‘तोल’ सांभाळायचा. कारण काय, तर बाईचं शरीर बाळाला परकं समजून हाकलतंय, शक्ती जरा अतीच झालीय, ती खाली आणायला हवी. पुडी तीच, दिशा उलटी. अहो, परवापर्यंत ही वाढवत होती ना? उत्तर तयार असतं : ‘कमी असली तर वाढवते, जास्त असली तर उतरवते.’ इतकं समजूतदार माणूस कुणाच्या घरात असेल तर कळवा.

आमच्याकडे धान खरेदी केंद्रावर कट्टा अर्धा किलो कमी भरला, तर शेतकरी काटा पुन्हा लावायला लावतो, ओलावा दुसऱ्यांदा मोजायला सांगतो आणि तरीही समाधान झालं नाही तर आमदाराला फोन करतो. तोच गडी घरी जाऊन बायकोला तोल सांभाळणारा काढा पाजतो. तो तोल कुठल्या काट्यावर पाहिला, हे विचारायचं त्याच्या मनातही येत नाही. पूर्वी सासूबाई म्हणायच्या, ‘पोरीच्या अंगात गर्मी हाय, म्हनून ठरत नाई.’ आता सूनबाईची इम्युनिटी बिघडलीय. निदान इंग्रजीत गेलं, आरोपी तीच राहिली.

या तोलाची आणखी एक सोय आहे. औषधं आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून आपल्याकडे आहे. त्याच्या परिशिष्टात गर्भाशयाचे विकार आहेत, स्त्रियांचं वंध्यत्व आहे, सरसकट ‘स्त्रियांचे रोग’ असाही एक धंदेवाईक बाटल्यांना नकोसा मथळा आहे. ‘तोल’ मात्र नाही. तोल हा रोगच नव्हे, मग तो बरा करण्याचा दावा तरी कसला? आयुर्वेदिक जाहिरातींना आधी परवानगी घ्यायला लावणारा नियम १७० सुद्धा २०१८ मध्ये आला होता. केंद्राने तो १ जुलै २०२४ ला काढून टाकला, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्या काढण्याला स्थगिती दिली, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये प्रकरणच बंद झालं. तोल सांभाळण्याचं काम सगळ्यात चांगलं कुणाला जमतं, हे त्यावरून दिसतं.

आता किती वेळा गर्भ गेला म्हणजे ‘वारंवार’ म्हणायचं, यावरही एकमत नाही. युरोप-अमेरिकेतले तज्ज्ञ दोनदा म्हणतात, ब्रिटनमधली मंडळी तीनवर अडून आहेत. आमच्याकडे सासरच्यांचा आकडा एक आहे. मुळात दिवस गेल्याचं कळलेल्या शंभर जणींत पंधराएक जणींचा गर्भ आपोआप पडतो. सुरुवातीच्या महिन्यांत पडलेल्या गर्भांपैकी जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. बाईने जिना चढला, पपई खाल्ली, ग्रहणात सुई हातात घेतली, यांतल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नसतो. पण गुणसूत्रांना दोष देऊन भांडण रंगत नाही.

ज्या जोडप्यांच्या सगळ्या तपासण्या होतात, त्यांतल्याही निम्म्याअधिक जणांना कारण सापडत नाही. खरा धंदा इथून सुरू होतो. लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये अशा बायकांचा हिशेब छापला. वारंवार गर्भ गेलेला, कारण काही सापडलेलं नाही, औषधही काही दिलेलं नाही. फक्त दिवस राहिल्याबरोबर वरचेवर सोनोग्राफी केली, बाळाचे ठोके दाखवले आणि धीर दिला. शंभरातल्या पंच्याहत्तर जणींची पुढची खेप सुखरूप पुढे गेली. वय वाढलं की हा आकडा घसरतो, मागचे प्रसंग जास्त असले तरी घसरतो, पण ढोबळमानाने चारातल्या तिघींचं, काही न देता, ठीक होतं.

हा पाऊण हिस्सा म्हणजे या देशातली सगळ्यात मोठी बेवारस मालमत्ता. पुढच्या खेपेला बाईच्या शेजारी जो उभा असेल, त्याच्या नावावर ती चढते. सालेकशाच्या एखाद्या गावातली बाई आधी आठवडी बाजारातल्या वैदूची मुळी घेते. मग माघी पौर्णिमेला कचारगडाच्या जत्रेत नवस बोलते. मग कुणीतरी देवरीचा जाणकार सांगतो, त्याची पुडी. मग गोंदियात बाई गंगाबाई रुग्णालयाची रांग, आणि तिथून जमलं तर विदर्भ एक्स्प्रेसने नागपूर, तिथे पाच हजारांची रक्ततपासणी. या वाटेवर कुठेतरी तिला दिवस जातात आणि राहतात. ज्या ठिकाणी राहिले, तिथे पेढे पोचतात. मुळीवाला म्हणतो माझी मुळी, भगत म्हणतो माझा देव, नागपूरचा डॉक्टर म्हणतो माझं इंजेक्शन. प्रत्येकाकडे शंभरात पंच्याहत्तर यशाची खात्री, आणि गंमत अशी की यात कुणीच खोटं बोलत नाही. उरलेल्या पंचवीस जणी? त्यांनी दही खाल्लं होतं. पाऊण यश औषधाचं आणि पाव अपयश बाईचं, अशी ही भागीदारी बिनबोभाट चालते.

‘शरीर बाळाला हाकलतं’ ही कल्पना वैदूने काढली असं समजू नका. ती आली लंडनहून. पीटर मेडावार या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये कोडं घातलं : मूल निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला निम्मं परकं. दुसऱ्याची कातडी लावली तर शरीर ती टाकून देतं, मग हे निम्मं परकं मूल नऊ महिने कसं सांभाळतं? कोडं उत्तम होतं, मेडावारला पुढे नोबेलही मिळालं, ते वेगळ्या कामासाठी. पण कोडं दिसलं की डॉक्टर लोकांना सुई आठवते. १९८० च्या दशकात उपाय निघाला की नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी काढायच्या आणि बायकोला टोचायच्या, म्हणजे तिच्या शरीराला त्यांची ओळख होईल. लग्नाला पाच वर्षं झालेली, तीन वेळा दिवस गेलेले, आणि ओळख अजून व्हायचीच होती! १९८५ मध्ये एका चाचणीत छान निकाल आला आणि जगभर ओळखसमारंभ सुरू झाले. मग १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मंडळींनी नीट चिठ्ठ्या टाकून चाचणी केली. नवऱ्याच्या पेशी टोचलेल्यांत यश शंभरात ३६, आणि साधं मिठाचं पाणी टोचलेल्यांत ४८. तिथल्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये सांगितलं, संशोधनाबाहेर हे करू नका. आपल्या महानगरांतल्या काही चकचकीत दवाखान्यांत ही सुई अजून मिळते. तेव्हा जडीबुटीवाल्याला हसताना जरा बेताने. त्याच्या पुडीवर निदान ‘इम्युनोथेरपी’ लिहिलेलं नसतं.

गुळवेलीबद्दलही न्याय करायला हवा. तिचा अभ्यास झालेला आहे आणि तो मुंबईत झालेला आहे. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. निर्मला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कावीळ झालेल्या, पित्तमार्ग तुंबलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल देऊन पाहिली, कारण हे रुग्ण संसर्गाने दगावत. निकाल आशादायक आले. पेशी चाळवतात, जंतूंशी लढायला उठतात, असं दिसलं. म्हणजे वेल ‘उठवणारी’ आहे, याचा पुरावा आहे. आता ज्या बाईची प्रतिकारशक्ती आधीच उठून घरच्यांवर धावतेय, तिला ती पाजायची? २०२१ मध्ये मुंबईच्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा छापली, आणि तिची तऱ्हा शरीर स्वतःवर उलटल्यासारखी होती. आयुष मंत्रालयाने लगेच सांगितलं की ती गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. असेल बुवा. म्हणजे बाजारात गुळवेल म्हणून दुसरीच वेल विकली जाते, हे खुद्द मंत्रालयानेच कबूल केलं. तरी धीर वाटायला हवा होता, वाटला नाही.

बाकी वनस्पतींचं काय? शतावरी, शिवलिंगीचं बी, फलघृत, पुत्रजीवकाच्या बिया, यादी लांब आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीची महिन्या-महिन्याची पथ्यं दिलेली आहेत. पहिल्या महिन्यात दूध, दुसऱ्यात मधुर औषधांनी सिद्ध केलेलं दूध, तिसऱ्यात मध-तूप घालून दूध, चौथ्यात लोणी, पाचव्यात तूप. वाचल्यावर लक्षात येतं की यात निम्मं औषध म्हणजे चक्क खाणं आहे. रक्त सहा-सात ग्रॅमवर आलेल्या आणि रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून उभ्या असलेल्या बाईला चरकाचं हे पान कुणी शब्दशः लागू केलं, तर मी त्याची आरती ओवाळीन. पण दुधा-तुपाला नफा नाही. ते पान तसंच राहतं आणि बाजारात येतो गर्भपाल रस.

या रसाचं नाव मोठं आश्वासक आहे. ठरलेल्या पाठात काय काय असतं बघा : सुंठ, मिरी, पिंपळी, जिरं, धणे, वेलची, दालचिनी, द्राक्षं. आतापर्यंत तोंडाला पाणी सुटलं असेल. पुढे हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज. आणि नागभस्म, म्हणजे शिसं. गर्भ टिकवायला शिसं! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात शेफिल्डच्या आसपास गरीब बायका जखमेला लावायच्या शिशाच्या मलमाच्या गोळ्या करून गिळायच्या. गर्भ पाडण्यासाठी. पिण्याच्या पाण्यात शिसं उतरलं तेव्हा आपोआप गर्भ पडतात, हे त्यांनी पाहिलं होतं. एकच धातू, तिथे पाडायला, इथे राखायला.

वैद्यमंडळी म्हणतील, शोधन-मारण केल्यावर शिसं शिसं राहत नाही. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याला २०११-१२ मध्ये सहा गरोदर बायका सापडल्या, बहुतेक भारतात जन्मलेल्या, भारतातून आलेल्या आयुर्वेदिक गोळ्या घेणाऱ्या. त्यांच्या रक्तातलं शिसं मात्र अजून शिसंच होतं. आणि हे सगळं ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून विकताना एक गोष्ट सोयीने विसरली जाते : चरकाच्या त्या पानावर हिंगूळ नाही, नागभस्म नाही. धातूंचा हा कारखाना कित्येक शतकांनंतर सुरू झाला.

चिनी लोक या बाबतीत आपल्यापेक्षा उद्योगी. त्यांनी आपल्या जडीबुटीच्या चाचण्या तरी केल्या. कॉक्रेन संस्थेने २०१६ मध्ये त्या गोळा केल्या. नऊ चाचण्या, ८६१ बायका. नुसत्या औषधासारख्या दिसणाऱ्या खोट्या पुडीशी तुलना एकाही चाचणीत नव्हती. इतर गोळ्यांच्या जोडीला दिली तर कदाचित फायदा होत असेल, पण पुरावा कच्चा, असा निष्कर्ष निघाला. तिकडेही तोच बेवारस पाऊण हिस्सा आपल्या नावावर चढवण्याची घाई. खोट्या पुडीशी तुलना करायला सगळेच का घाबरतात, ते आता सांगायला नको.

बरं, खरोखर तोल गेलेला असतो अशी एक जागा आहे. तिचं नाव अवघड : अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. बाईच्या रक्तातली प्रतिपिंडं तिच्याच शरीरावर उलटतात, वारेचं काम बिघडवतात, रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात, गर्भ जातो. इथे काटा आहे. ठरावीक रक्तचाचण्या आहेत आणि त्या बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात, कारण एखाद्या साध्या तापानेही त्या तात्पुरत्या बिघडतात. इथे उपाय आहे. लंडनमध्ये १९९७ साली छापलेल्या चाचणीत नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर शंभरात ४२ बाळं जन्मली, अ‍ॅस्पिरिन आणि हेपरिन दोन्ही दिल्यावर ७१. आता गंमत पाहा. अ‍ॅस्पिरिनचा पूर्वज म्हणजे विलो नावाच्या झाडाची साल, अस्सल जडीबुटी. हेपरिन काढतात डुकराच्या आतड्यातून. कुणा वैदूने बाजारात हा नुस्का सांगितला असता, तर आपण त्याला पोलिसांत दिलं असतं.

गोंदियाच्या बाईची आणखी काही कारणं तिच्या पत्त्यातच लिहिलेली असतात. हा सिकलसेलचा पट्टा आहे. ज्या बाईला स्वतःला आजार आहे, तिला गर्भ जाण्याचा, बाळ पोटात दगावण्याचा धोका जास्त. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात हिवताप आहे, आणि गरोदरपणातला हिवताप वारेत जाऊन बसतो. थायरॉइड आणि साखर तर कुठेही असते. गर्भाशयात मध्येच पडदा असला तर तो दिसतो आणि काढताही येतो. सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला शेजारच्या मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झाली, २०४७ पर्यंत आजार संपवायचा आहे. अशा आदिवासी पट्ट्यांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सगळ्यांचं रक्त तपासायचं ठरलंय. म्हणजे प्रतिकारशक्तीच्या तोलाचा विचार करायच्या आधी बघण्यासारख्या चार-पाच गोष्टी सरकारी दवाखान्यात जवळजवळ फुकट बघता येतात.

येतात, पण तिथे बघतं कोण? आणि इथे मला त्या वैदूची बाजू घ्यावी लागते. तो मांडी घालून बसतो. कितव्या महिन्यात गेलं, दुखलं होतं का, आधी ताप आला होता का, सासरी खायला मिळतं का, असं विचारतो. बाई रडली तर थांबतो. मग मुळी देतो, जिचा उपयोग असेल-नसेल. सरकारी ओपीडीत तिच्या वाट्याला आलेली दोन मिनिटं ‘काय होतंय’ आणि ‘पुढचा नंबर’ यांच्यात संपतात. आदल्या खेपेचे कागद कुठे, या प्रश्नावर तिला सगळ्यांसमोर दम बसतो. मागच्या वेळचा कागद पुरात गेला, हे सांगायला तिला तिसरं मिनिट लागणार असतं. लिव्हरपूलच्या त्या पंच्याहत्तर टक्क्यांत औषध नव्हतं, पण कुणीतरी दर थोड्या दिवसांनी तिला आत बोलावून ठोके दाखवत होतं, हे विसरू नका. त्या उपचारातला अर्धा भाग वैदूकडे आहे आणि यंत्राचा अर्धा भाग दवाखान्याकडे. दोघांची भेट होत नाही, कारण दवाखाना वैदूला भोंदू समजतो आणि वैदू दवाखान्याला कत्तलखाना. आशाताई तेवढी दोघांनाही ओळखते, पण तिचं मानधन मागच्या महिन्यापासून थकलेलं असतं.

एक तपासणी राहिली. जोडप्यातल्या दोघांपैकी एकाची गुणसूत्रं आडवीतिडवी जोडलेली असतील, तर गर्भ पुन्हा पुन्हा जातो. वारंवार गर्भपाताच्या शंभरातल्या दोन ते पाच जोडप्यांत हे सापडतं, आणि दोष नवऱ्याकडेही असू शकतो. दोघंही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला चारात एक बाळ आजार घेऊन येण्याची शक्यता असते. हे कळायलाही दोघांचं रक्त लागतं. डॉक्टर नवऱ्याला सांगतात, उद्या तुम्हीही या. उद्या नेमकी धानाची गाडी मिलवर जायची असते. परवा ग्रामपंचायतीत काम निघतं. तेरवा तो येतो, सुई बघतो, आणि त्याला आठवतं की त्याच्या घराण्यात कुणालाच कधी काही झालेलं नाही. ज्या बायकांना हेपरिन लागतं, त्या गरोदरपणभर रोज स्वतःच्या पोटात सुई टोचून घेतात. तेव्हा नवरा शेजारी बसून धीर देतो, ‘दुखत नाई व, डोळे मिटून घे.’